रंगाची उतरण

दिवाळी अंक हाती आला की आपण आधी काय करतो? ‘अनुक्रमणिका पाहतो’ असे पुष्कळजण सांगतील. पण ते खरे नव्हे. अनुक्रमणिकेपर्यंत पोहोचण्याआधी मुखपृष्ठावरून हात फिरलेला असतो, अंक थोडा दूर धरून, मान कलती करून पाहिलेला असतो, आणि घरातले कोणीतरी वडीलधारे बोलून गेलेले असते, “छपाई काय गुळगुळीत आहे!” मराठी घरांतील चित्रसमीक्षेचा हा पहिला अभिप्राय, आणि बहुधा शेवटचाही. या ‘गुळगुळीत’ शब्दाशी माझे जुने भांडण आहे. सणासुदीला भांडण काढू नये हे मलाही कळते. पण दिवाळी अंकाविषयीचे भांडण दिवाळीत नाही काढायचे तर मग केव्हा काढायचे?

हा गुळगुळीतपणा नेमका कोठे असतो ते पाहा. मुखपृष्ठावर बहुधा एक स्त्री असते, तिच्या हाती निरांजन किंवा पणती असते, आणि तिच्या मागे संध्याकाळचे आकाश असते. वर गर्द निळे, मग जांभळट, मग तांबूस, आणि क्षितिजाशी केशरी. निळ्याचे केशरी कोठे झाले ते बोट ठेवून सांगता येत नाही; म्हणून आपण खूश होतो. रंगाच्या या हळूहळू बदलत जाण्याला मी उतरण म्हणते. घाटातला रस्ता जसा एकदम न कोसळता वळणावळणाने खाली येतो, तसा हा रंग गडदाकडून फिक्याकडे येत असतो. आकाशात ती असते, गालावर असते, पणतीच्या ज्योतीभोवतीच्या वलयात असते, पैठणीच्या घडीत असते. मुखपृष्ठावरून ती काढून घेतली तर उरेल ते जवळजवळ सारे कातरकाम.

शाळेत चित्रकलेच्या तासाला मुले ही उतरण पाण्याने साधतात. कागद तिरका धरायचा, कुंचला निळ्यात बुडवून वरून एक पट्टा ओढायचा, आणि पुढच्या प्रत्येक पट्ट्याला थोडे अधिक पाणी घ्यायचे. रंग खरोखरच पातळ होत खाली उतरतो. एखाद्या मुलाचा हात मध्येच थांबला की तेथे रेघ धरते, आणि त्याचे आकाश दोन मजली होते. पण मुलाच्या वाटीत पाणी आहे, ही त्याची फार मोठी सोय. छापखान्यात ती सोय नाही.

आपली मुखपृष्ठे ज्या ऑफसेट पद्धतीने छापली जातात तीत शाईला फिकट होताच येत नाही. कागदाच्या एखाद्या जागी शाई बसते किंवा बसत नाही. अर्धीमुर्धी बसत नाही. यंत्रात शाया चार: पिवळी, किरमिजी, निळी आणि काळी. फिकट निळी शाई तेथे नसते. मग ते केशरी क्षितिज येते कोठून?

ते ठिपक्यांतून येते. आपल्या आजीची ठिपक्यांची रांगोळी आठवा. तेथे सगळे ठिपके सारख्या अंतरावर आणि सारख्या आकाराचे असतात. छापखान्याच्या रांगोळीत अंतर सारखेच, मात्र ठिपक्याचा आकार बदलतो. गडद जागी ठिपके एवढे मोठे की मधला पांढरा कागद जेमतेम दिसावा. फिक्या जागी एवढे बारीक की कागदच जास्त दिसावा. चांगल्या आर्ट पेपरवर एका इंचात अशा ठिपक्यांच्या दीडशे ओळी असतात. म्हणजे एका चौरस इंचात एका शाईचे बावीस हजार पाचशे ठिपके. साडेसात इंच रुंद आणि दहा इंच उंच मुखपृष्ठ सगळे रंगाने भरलेले असेल तर एका शाईचे जवळजवळ सतरा लाख, आणि चारही शाया धरल्या तर साठ लाखांहून अधिक. वर्तमानपत्राचा कागद शाई जास्त पितो, म्हणून तेथे ओळी बऱ्याच कमी. त्यामुळे पुढाऱ्याच्या गालावरचे ठिपके आपल्याला भिंगावाचूनही दिसतात.

आता हे ठिपके एकत्र करतो कोण? कागद नाही, शाई नाही, यंत्रही नाही. आपला डोळा करतो. तांबड्या रांगोळीत पांढरी मिसळली की लांबून गुलाबी दिसते. प्रत्यक्षात गुलाबी कण त्यात एकही नसतो. छापील आकाशातले केशरी अगदी तसेच पाहणाऱ्याच्या डोळ्यात तयार होते. ज्या गुळगुळीतपणासाठी आपण छापखान्याला शाबासकी देतो, त्यातला अर्धा वाटा आपल्या डोळ्याचा आहे. उतरण चांगली की वाईट हे ठरवताना डोळ्याला काय काम दिले आहे ते पाहिले पाहिजे, असे मी म्हणते ते यासाठी.

छपाईचे यंत्र येण्याआधीही हा प्रश्न होता. जपानमध्ये लाकडी ठशांवरून चित्रे छापून ती सामान्य लोकांना विकण्याचा मोठा व्यवसाय होता. हिरोशिगे हा त्यातला श्रेष्ठ चित्रकार १८५८ साली वारला. त्याच्या निसर्गचित्रांत आकाशाच्या वरच्या कडेला गडद निळा पट्टा असतो आणि तो खाली येता येता विरून जातो. ही उतरण लाकडात कोरलेली नसते. ठसा तेथे सपाटच असतो. छापणारा कारागीर ओल्या ठशावर एका कडेला रंग देई, तो कुंचल्याने किंवा ओल्या फडक्याने पुसत पुसत पातळ करी, आणि मग वर कागद दाबी. प्रत्येक प्रतीसाठी हे पुन्हा करायचे! जपानी भाषेत या कृतीला ‘बोकाशी’ म्हणतात. त्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रतींतले आकाश तंतोतंत सारखे नसते. एकीत संध्याकाळ थोडी लवकर झालेली असते, दुसरीत उशिरा. चित्र हिरोशिगेचे, पण त्या दिवशीचे आकाश छापणाऱ्याचे.

आपल्याकडे रंगीत चित्र घरोघर पोहोचले ते दगडावरून. शिळाछापाची युक्ती आलॉइस सेनेफेल्डर या जर्मन माणसाने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधली. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्या एका घरगुती सत्यावर ती उभी आहे. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड ओला करायचा, आणि तेलकट शाईचा रूळ फिरवायचा. खडूच्या खुणा शाई धरतात, ओला दगड तिला झिडकारतो. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ साली चित्रशाळा काढली, आणि देवादिकांची व इतिहासपुरुषांची शिळाछाप चित्रे मराठी घरांच्या भिंतींवर आली. मग १८९४ साली राजा रविवर्म्याने मुंबईत आपला छापखाना सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. १९७२ साली आग लागून त्याचा शेवट झाला.

या छापखान्यापुढचे संकट केवढे होते याची कल्पना करा. रविवर्म्याची मूळ चित्रे तैलरंगातली. तैलरंग हा उतरणीचा राजा. तो लवकर वाळत नाही, म्हणून चित्रकाराला गालावरची छाया सावकाश उजेडात मिसळता येते. दगडाला हे मिसळणे ठाऊकच नाही. तेव्हा कारागिरांनी एकेका रंगासाठी एकेक दगड घेतला. एका चित्राला दहा-बारा, प्रसंगी त्याहूनही अधिक दगड लागत. या दगडांवर लक्ष्मीच्या गालाची छाया हाताने ठिपके देऊन उतरवायची, आणि तीही उलटी, आरशात दिसावी तशी. कमळावर उभ्या असलेल्या त्या लक्ष्मीची जुनी प्रत कोणाच्या देवघरात अजून असेल तर तिच्या गालावर भिंग धरून पाहा. फिकट तांबडे, तपकिरी, पिवळसर ठिपके दिसतील. एका ओळीत नाहीत, एका मापाचे नाहीत. मुंग्यांच्या रांगेला वाटेत साखर सापडावी तसे कोठे दाट, कोठे विरळ. हे ठिपके देणाऱ्याचे नाव चित्राखाली नाही. रविवर्म्याच्या नावाने आपण ज्या लक्ष्मीला हात जोडले, तिच्या गालावरचे तेज आपल्या घरापर्यंत त्या माणसाने आणले.

पुढे हाताची जागा काचेने घेतली. कॅमेऱ्यात आडव्या-उभ्या बारीक रेघांची काच बसवली की तिच्या जाळीतून येणारा प्रकाश आपोआप लहानमोठे ठिपके पाडतो, आणि ते धातूच्या पत्र्यावर कोरून ब्लॉक तयार करता येतो. या हाफटोन पद्धतीचे एक पेटंट म्युनिकच्या गेओर्ग मायझेनबाखने १८८२ साली घेतले. मला मात्र या विद्येच्या इतिहासात सर्वांत जवळचा वाटतो तो कलकत्त्याचा एक लेखक. उपेंद्रकिशोर रायचौधुरी मुलांसाठी लिहीत आणि स्वतः चित्रेही काढीत. आपल्या बालरामायणातील चित्रे छापून आली तेव्हा त्यांचे समाधान झाले नाही. असे असमाधान प्रत्येक लेखकाच्या वाट्याला येते. बहुतेक लेखक प्रकाशकाला एक पत्र लिहून गप्प बसतात. उपेंद्रकिशोरांनी परदेशातून यंत्रसामग्री मागवली आणि ठिपक्याचा अभ्यास सुरू केला. काचेतील रेघांचा कोन किती असावा, कॅमेऱ्याच्या छिद्राचा आकार कोणता असावा, यांवरचे त्यांचे लेख इंग्लंडमधील पेनरोज वार्षिकात छापून येत. ज्या देशातून यंत्रे मागवली त्याच देशाला त्यांनी ती कशी वापरावीत हे सांगितले. १९१३ साली त्यांनी मुलांसाठी ‘संदेश’ मासिक काढले. सुकुमार राय त्यांचे चिरंजीव आणि सत्यजित राय त्यांचे नातू, हे वाचकांना ठाऊक असेलच. चित्राची उतरण आणि वाक्याची उतरण एकाच माणसाने इतक्या कळकळीने सांभाळल्याचे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही.

रेघांच्या कोनाचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण तसा तो नाही. दोन मच्छरदाण्या एकमेकींवर आल्या की कापडावर लाटा दिसू लागतात. त्या लाटा कोणी विणलेल्या नसतात. चार शायांच्या चार जाळ्या एकमेकींवर छापल्या की अशाच लाटा उमटायला पाहतात. म्हणून प्रत्येक जाळी वेगळ्या कोनात वळवावी लागते: काळी पंचेचाळीस अंशांत, निळी पंधरा, किरमिजी पंचाहत्तर, आणि पिवळी सरळ. कोन चुकला की आकाशाला अंगावर काटा आल्यासारखा दिसतो.

काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि या परंपरेला आरंभ झाला. मुखपृष्ठाला मात्र खरे राज्य मिळाले ते दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या काळात. दोघेही गोव्याचे. दलालांनी १९४५ साली स्वतःचा ‘दीपावली’ अंक सुरू केला; ते १९७१ साली गेले, मुळगावकर १९७६ साली. या दोघांत श्रेष्ठ कोण, हा वाद मराठी घरांत एके काळी जेवणाच्या पानावर चाले. मला तो वाद येथे नव्याने खेळायचा नाही. पण उतरणीच्या प्रश्नाला दोघांनी दिलेली उत्तरे इतकी वेगळी आहेत की ती शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत.

मुळगावकरांनी हवेच्या दाबाने रंगाचा फवारा उडवणारे स्प्रेचे उपकरण हाती घेतले. त्या फवाऱ्यातून कुंचल्याचा माग न ठेवता रंग बसतो, आणि त्यांच्या देवता व नायिका मऊ, उजळ आणि किंचित स्वप्नातल्या दिसतात. फवारा म्हणजे तरी काय? रंगाचे असंख्य बारीक थेंबच. म्हणजे मूळ चित्रातच कणांची उतरण होती, आणि छापखान्याच्या ठिपक्यांना ती परकी वाटली नसावी. त्यांच्या चांगल्या चित्रांत ती उतरण गालाची गोलाई सांगते, दंडाचा भरीवपणा सांगते. तिला करायला काम असते. जेथे ते काम संपते आणि केवळ मऊपणा उरतो, तेथे त्यांचे चित्र मला गोड वाटते. आणि गोड पदार्थाचे जे होते तेच त्याचेही होते.

दलालांची वाट निराळी. त्यांच्या अनेक मुखपृष्ठांत रंग मोठ्या सपाट क्षेत्रांनी येतो आणि लयदार रेषा त्याला धरून ठेवते. उतरण असली तरी थोडक्यात, जेथे हवी तेथेच. त्या काळी मुखपृष्ठ बहुधा तीन किंवा चार रंगांच्या ब्लॉकवरून निघे. कागद चढाउतरा, शाई हवामानाप्रमाणे वागणारी, मशीनमनची नजर हेच मोजमाप. अशा छापखान्याकडे लांबलचक उतरण सोपवणे म्हणजे उतू जाणारे दूध शेजाऱ्याच्या भरवशावर ठेवून बाजारात जाणे. सपाट रंग मात्र थोडा गडद किंवा फिका छापला गेला तरी चित्र मोडत नाही. दलालांनी हा हिशेब मांडला होता असे मी म्हणत नाही. त्यांचा हात मुळातच रेषेचा होता. पण त्यांची चित्रे साध्या छपाईतही ताठ उभी राहिली याचे एक कारण मला यात दिसते. यंत्राला काय जमत नाही ते त्यांनी यंत्राकडे मागितलेच नाही.

आज आपण यंत्राकडे सर्व काही मागतो, आणि यंत्र ‘हो’ म्हणते. संगणकावर दोन रंग निवडले, उंदीर वरून खाली ओढला, की आकाश तयार. मुलाच्या हातून धरणारी रेघ नाही, दगड नाही, फवारा नाही. पडद्यावर ते आकाश लोण्यासारखे दिसते. छापून आल्यावर मात्र पुष्कळदा त्यात पट्टे दिसतात, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. माझ्या एका कादंबरीच्या मुखपृष्ठावर असाच सूर्यास्त होता. छापून आला तेव्हा सूर्य आणि समुद्र यांच्यामध्ये सात पायऱ्या होत्या, मी मोजल्या. छापणाऱ्याने संगणकाकडे बोट दाखवले, संगणकवाल्याने कागदाकडे, आणि कागद बिचारा कोणाकडे बोट दाखवणार? पुस्तके मात्र गाठोड्यांत बांधून तयार होती. तो सूर्यास्त आजही ग्रंथालयांत पायऱ्या उतरतो आहे.

या पायऱ्या येतात कोठून, याचा हिशेब पाचवीतल्या मुलालाही जमेल. संगणकाच्या नेहमीच्या हिशेबात एका शाईच्या पांढऱ्यापासून गडदापर्यंत दोनशे छप्पन पायऱ्या असतात, एकही जास्त नाही. दहा इंचांच्या उंचीत त्या सगळ्या वापरल्या तर एक पायरी सुमारे एका मिलिमीटरची होते. ती सहसा नजरेत भरत नाही. पण आकाश एवढे गडद कोठे असते? समजा वर चाळीस टक्के आणि खाली वीस टक्के निळे हवे आहे. आता वाट्याला पायऱ्या येतात फक्त एक्कावन्न, आणि प्रत्येक पायरी पाच मिलिमीटर रुंद होते. म्हणजे उतरण जितकी सौम्य आणि जितकी लांब, तितका जिना उघडा पडण्याचा धोका अधिक. ज्या मंद, शांत आकाशासाठी आपण जीव टाकतो तेच छापायला सर्वांत अवघड.

त्यात आपला डोळा भर घालतो. दोन जवळजवळच्या छटा एकमेकींना भिडल्या की सीमेवर डोळा गडद बाजू अधिक गडद आणि फिकी बाजू अधिक फिकी करून पाहतो. एर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ साली याचे वर्णन केले. डोळा हे सर्वत्रच करतो. कडा ओळखणे हा त्याचा धर्म आहे, नाहीतर तिन्हीसांजेला आपल्याला उंबरठा दिसला नसता. पण जी कडा लपवायची, नेमकी तीच तो उठवून दाखवतो.

छापखान्याच्याही स्वतःच्या खोड्या आहेत. शाई कागदावर थोडी पसरतेच. पत्र्यावर पन्नास टक्क्यांचा असलेला ठिपका कागदावर सत्तरच्या आसपास जाऊन बसतो. चौकोनी ठिपके पन्नास टक्क्यांवर आले की बुद्धिबळाच्या पटासारखे कोपऱ्यांना कोपरे टेकतात, आणि तेथे रंग एकदम दचकून गडद होतो. म्हणून गालासारख्या नाजूक जागी लांबट ठिपके वापरतात, म्हणजे ते एकदम न भिडता दोन टप्प्यांत भिडतात. फिक्या टोकाला उलटी अडचण. एक-दोन टक्क्यांचे ठिपके इतके बारीक असतात की पुष्कळदा ते कागदावर येतच नाहीत, आणि विरत जाणारे आकाश ओहोटीच्या रेघेसारखे एका जागी तुटते. जाणता माणूस तेथे रंग शून्यावर नेत नाही. थोडा शिल्लक ठेवतो. लालाकडून काळ्याकडे जातानाही तो लाल मागे घेत नाही, त्याच्यावर काळा चढवतो. नाहीतर मधोमध राखेसारखा मळकट पट्टा येतो.

आणि पायऱ्यांवर उपाय? तो ऐकून मला मनापासून आनंद झाला. उपाय असा की त्या निर्दोष उतरणीत थोडी धूळ टाकायची! जाणकार लोक संगणकावरच्या आकाशात मुद्दाम बारीक, अस्ताव्यस्त कण मिसळतात, म्हणजे पायऱ्यांच्या कडा फाटतात आणि डोळ्याला त्या पकडता येत नाहीत. छायाचित्रातल्या आकाशात असे कण मुळातच असतात, म्हणून ते छापायला तुलनेने सोपे जाते. १९९० नंतरच्या दशकात तर ठिपक्यांची ओळच मोडून, सारख्या मापाचे अतिबारीक ठिपके कमीजास्त दाट विखुरण्याची पद्धत छापखान्यांत आली. म्हणजे शंभर वर्षांनी यंत्र फिरून मळवलीच्या कारागिराच्या हाताशी येऊन पोहोचले.

येथे माझ्या भांडणाचा खरा मुद्दा येतो. पट्टे नसलेले, अगदी शुद्ध गुळगुळीत आकाश छापून आले तर मी समाधानी होईन काय? होणार नाही. कारण संगणकाच्या आयत्या उतरणीला कारण नसते. खऱ्या आकाशात क्षितिज उजळ असते ते सूर्य तेथे बुडाला म्हणून. गालाची एक बाजू गडद असते ती दिवा दुसऱ्या बाजूला आहे म्हणून. आता पणती हाती घेतलेली ती मुखपृष्ठावरची स्त्री नीट पाहा. पणती डावीकडे, आणि चेहऱ्याचा उजेड उजवीकडे! मागचे आकाश तिसरीकडूनच उजळलेले. त्वचेवर ना रंध्र, ना सुरकुती, ना घामाचा थेंब. दिवाळीच्या दिवशी पहाटे चारला उठून पाणी तापवणाऱ्या बाईचा चेहरा असा असतो काय? गुळगुळीतपणाला आपण श्रीमंतीची खूण मानू लागलो आहोत, आणि चित्रातल्या माणसांवरून जगण्याचा माग पुसून टाकू लागलो आहोत. उतरण उजेडाची बातमी देत नसेल तर ती कितीही निर्दोष छापलेली असली तरी मला ती चित्रकला वाटत नाही. भिंतीला दिलेला रंग वाटतो.

याउलट एक उदाहरण देते. कुस्त्यांच्या मैदानाची आणि तमाशाच्या फडाची पत्रके पुष्कळांनी पाहिली असतील. एका बाजूला गुलाबी, दुसऱ्या बाजूला पिवळी, आणि मध्ये नारिंगी. युक्ती स्वस्तातली. शाईच्या हौदात दोन टोकांना दोन शाया भरायच्या. रूळ फिरता फिरता डावीउजवीकडे सरकतात आणि मध्ये त्यांची सरमिसळ होते. एकाच छपाईत अख्खी उतरण! जसजशी पत्रके निघत जातात तसतशी सरमिसळ वाढते. पहिले पत्रक आणि हजारावे पत्रक सारखे नसते. सुसंस्कृत लोक या पत्रकांना भडक म्हणतात. असतीलही. पण त्यातली उतरण प्रामाणिक आहे. ती आकाश असल्याचा आव आणत नाही. ‘उद्या मैदान आहे, या’ एवढेच ओरडून सांगते. बनावट संध्याकाळीपेक्षा मला ती अधिक आवडते.

तेव्हा वाचकहो, यंदाचे अंक घरात आले की ‘गुळगुळीत’ या शब्दाला चार दिवस सुट्टी द्या. मुखपृष्ठ पाहताना आधी उजेड कोठून येतो ते शोधा. मग आकाशात पायऱ्या आहेत का पाहा, फिक्या टोकाला रंग विरतो की तुटतो ते पाहा. घरात भिंग असेल तर मुलांच्या हाती द्या. आईच्या साडीतल्या जांभळ्यात जांभळा कणसुद्धा नाही, नुसते निळे आणि किरमिजी ठिपके आहेत, हे पाहून ती जो आरडाओरडा करतील तो फटाक्यांपेक्षा बरा. आणि ज्या अंकाचे आकाश किंचित खरखरीत पण उजेडाशी इमानी असेल, त्याला माझ्यातर्फे दोन गुण अधिक द्या.

संपादकांना मात्र एक मागणे आहे. अंकाच्या आतल्या पानावर ‘मुखपृष्ठ’ म्हणून चित्रकाराचे नाव असते, खाली छापखान्याचे नाव आणि पत्ता असतो. त्या दोघांच्या मध्ये एक माणूस असतो. चित्र छपाईसाठी तयार करताना तो रंगाचे टोक शिल्लक ठेवतो, आकाशात चिमूटभर धूळ टाकतो. दुसरा एक जण यंत्रापाशी उभा राहून पहिले शे-दोनशे कागद बाद करतो, कारण केशरी जरा तांबडे येते आहे. दगडावर ठिपके देणाऱ्यांची नावे आपण छापली नाहीत, आणि आता ती मिळण्याची आशा नाही. यांची मिळतील. एका ओळीची जागा लागेल, आणि तेवढी जागा दिवाळी अंकात जाहिरातींच्या गर्दीतही निघू शकते.